स्ट्रेचरवरची सही

परवा आत्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. स्ट्रेचर थिएटरच्या दारात, तिचा चष्मा पर्समध्ये आणि पर्स माझ्या खांद्यावर. नर्सने इंग्रजीत छापलेले तीन कागद पुढे केले. ‘फुल्या मारल्यात तिथे सह्या करा.’ आत्याने पोस्टात तीस वर्षं नोकरी केली. न वाचता कधी कशावर सही केली नाही. तिथे चार केल्या.

डॉक्टर, कोर्टात ही सही तुम्हाला तारणार नाही.

दिल्लीत १९९५ मध्ये एक बाई दुर्बिणीने निदान करून घ्यायला टेबलावर गेली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: निदानाची संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने आईची संमती चालत नाही. डॉक्टरांची फी गेली, वर २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली.

ऑपरेशन बिघडलं म्हणजे डॉक्टर निष्काळजी, असं न्यायालय मानत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात ते स्पष्ट आहे. घरच्यांना वकिलाकडे नेतो तो बहुतेकदा डॉक्टरांचा अबोला.

म्हणून आदल्या दिवशी बोला, मराठीत बोला. ‘दुर्बिणीने जमलं नाही तर पोट उघडावं लागेल’ हे एक वाक्य तेव्हाच सांगा. दुसरा उपाय आहे का, ऑपरेशन केलंच नाही तर काय होईल, तेही सांगा. सांगितलेलं केसपेपरवर वेळेसकट लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी भिंतीवर चिकटवू नका, थिएटरमध्ये मोठ्याने वाचा: रुग्ण कोण, बाजू कोणती, गॉज मोजले का. काही चुकलं तर ज्युनिअरला पाठवू नका, स्वतः बाहेर या. नातेवाइकांनी कागद मागितले तर ७२ तासांत द्या. नियमच तो आहे. आणि लिहिलेल्यावर मागाहून खाडाखोड कधीच करू नका. चांगलं काम केलेला डॉक्टरही त्या खाडाखोडीने गुन्हेगार दिसतो.

आत्या बरी आहे. शुद्धीवर येताच तिने विचारलं, ‘नेमकं काय काढलं रे माझं?’ उत्तर मी दिलं. ते तिला आदल्या दिवशी, डॉक्टरांच्या तोंडून मिळायला हवं होतं.