पातेल्याचं बूड आणि सासूबाईंचा पारा

“वहिनी, काल सासूबाई कुणावर एवढ्या तापल्या होत्या?”

“आणखी कुणावर! पातेल्यांची बुडं काळी पडतात, तर म्हणे मला घासता येत नाहीत. लेक अकरावीला गेली, तरी माझी परीक्षा चालूच.”

“ज्योत पिवळी येते का?”

“पिवळीधमक. जाऊबाई म्हणाल्या, गॅस संपत आला असेल.”

“गॅस नाही हो, हवा कमी पडतेय. दूध उतू जाऊन बर्नरची भोकं बुजली असतील.”

“हवा कशी कमी पडेल काकू? घरभर आहे की.”

“घरभर असेल, बर्नरच्या तोंडात किती जाते? सिलिंडरमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन. एक किलो ब्युटेन नीट जळायला साडेतीन किलोच्या वर ऑक्सिजन लागतो. तुमच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला हवाच सव्वादोनशे किलोच्या आसपास!”

“अगबाई!”

“तुमची लेक काल गणित घेऊन आली होती, तेही हेच. ५८ ग्रॅम ब्युटेन, १६० ग्रॅम ऑक्सिजन. आधी काय संपेल? धडाक्यात म्हणाली, ब्युटेन, कमी आहे ना! वजनावर गेली आणि फसली. आधी मोल काढायचे. ब्युटेनचा मोल ५८ ग्रॅमचा, म्हणजे ते १ मोल. ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा, म्हणजे तो ५ मोल. समीकरणात २ ब्युटेनला १३ ऑक्सिजन, म्हणून एकाला साडेसहा हवेत. आहेत पाचच. आधी ऑक्सिजन संपला! साधारण साडेतेरा ग्रॅम ब्युटेन तसंच उरलं. जो आधी संपतो तो लिमिटिंग रिएजंट, माल किती निघणार ते तोच ठरवतो. उरतो तो एक्सेस.”

“उरला तर उरला. बिघडलं कुठे?”

“पुस्तकात तो निमूट बाजूला बसतो. शेगडीवर नाही बसत. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, त्याची काजळी पातेल्याला लागते आणि जोडीला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून तर कारखान्यातल्या भट्ट्यांना हवा मुद्दाम जास्त देतात. फुकटची वस्तू उरलेली परवडते.”

“म्हणजे माझ्या घासण्यात खोट नाही! हे सासूबाईंसमोर बोलाल?”

“बोलेन की, चहा केलात तर. पण काजळी दिसते म्हणून निदान भांडण तरी होतं. मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. कोपऱ्यावरच्या घरी बघा, बाथरूममध्येच गॅस गिझर, आणि थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा. परवा आंघोळ करताना त्यांच्या सुनेला भोवळ आली.”

“हो, मला वाटलं गोड बातमी! मी तर चौघींना सांगूनही बसले.”

“आता त्या चौघींना हेही सांगा. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा. तोवर तो पुठ्ठा काढायला लावा आणि गिझर बंद ठेवायला सांगा. आणि तुम्ही बर्नरची भोकं पिनेनं साफ करा. तरीही ज्योत निळी झाली नाही, तर मेकॅनिकला बोलावून हवेची झडप तपासून घ्या. आजच करा, वहिनी.”