टायमिंग नाना

बातमी खरी की खोटी, हा प्रश्न ओझरच्या नानांना आजवर कधी पडलेला नाही. त्यांना पडतो तो एकच : "आत्ताच का?"

त्यातून बातमी न्यायाधीशाच्या भ्रष्टाचाराची असली तर विचारूच नका. नाना चष्मा कपाळावर सारतात, 'देशदूत'ची घडी मांडीवर आपटतात आणि टपरीवाल्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, "टायमिंग बघा ना, टायमिंग!" एवढ्यात डोक्यावरून सुखोई गेलं तर नानांचं बोट हवेत तसंच राहतं. आवाज दिंडोरीच्या अंगाला विरला की वाक्य जिथं तुटलं तिथूनच सुरू. तीसेक वर्षं ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात नोकरी काढलेल्या माणसाला ही सवय असतेच.

१४ मार्च २०२५ च्या रात्री दिल्लीत न्या. यशवंत वर्मांच्या बंगल्याच्या आवारात आग लागली. तिथं जळक्या नोटा सापडल्याची बातमी आठवडाभरानं छापून आली आणि नानांना दिवाळी झाली. "आग एका शुक्रवारी, बातमी दुसऱ्या शुक्रवारी. मधले सात दिवस कोण काय शिजवत होतं?" हे सगळं आपल्याला बदनाम करण्याचं कारस्थान आहे, असं वर्मांनीही सांगितल्यावर तर नाना खुर्चीतून अर्धे उठले. "बघा! मी काय म्हणत होतो?"

पण पुढं घोळ झाला. वर्मांना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर लोकसभेच्या १४६ खासदारांनी सह्या केल्या, त्यात सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही. आता हात कुणाचा म्हणायचा? नाना अर्धा दिवस गप्प होते. घरच्यांना वाटलं, बीपी वाढलं. संध्याकाळी टपरीवर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. "मिळालेत. आतून सगळे मिळालेत!"

नानांची अडचण होते ती न्या. पी. बी. सावंतांपाशी. न्या. व्ही. रामस्वामींवरच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या समितीचे सावंत अध्यक्ष. १४ पैकी ११ आरोप समितीनं ग्राह्य धरले, आणि ११ मे १९९३ ला रामस्वामींना पदावरून दूर करण्यासाठी लोकसभेत मतदान झालं तेव्हा प्रस्तावाच्या बाजूनं १९६, विरोधात एकही नाही, आणि २०५ जण मतदानच न करता बसून. प्रस्ताव पडला. इथं राजकारण होतं, पण ते वाचवण्याच्या बाजूला. नानांना हे पचत नाही. सावंत मराठी माणूस, त्यांच्यावर शंका घेववत नाही आणि घेतल्याशिवाय राहवतही नाही. मग ते विषय बदलतात.

बदलतात तोही सावंतांवरच. २००८ मध्ये एका इंग्रजी वाहिनीनं गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी देताना दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या नावासोबत सावंतांचा फोटो दाखवला. जेमतेम पंधरा सेकंद. एके काळी प्रेस कौन्सिलचं अध्यक्षपद सांभाळलेल्या माणसाचा! सावंतांनी दावा लावला. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं १०० कोटींची भरपाई ठोठावली, आणि अपील चालवायचं तर २० कोटी रोख भरा, ८० कोटींची बँक हमी द्या, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं. नानांनी पेपरच्या कडेला हिशेब मांडला : सेकंदाला सहा कोटी सहासष्ट लाख. "एवढी महाग चूक कुणी चुकून करतं का?"

त्या फोटोच्या आदल्या वर्षी, २००७ ला, 'मिड-डे' या दैनिकाच्या चौघांना दिल्ली उच्च न्यायालयानं अवमानाबद्दल चार महिन्यांची शिक्षा सुनावली होती. माजी सरन्यायाधीश सभरवाल यांच्यावर त्यांनी लिहिलं होतं, त्यात एक व्यंगचित्रही होतं. सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा २०१७ मध्ये रद्द केली. ते मजकुराच्या खरेपणावर नव्हे. सुप्रीम कोर्टाच्या अवमानाची शिक्षा हायकोर्टाला देता येत नाही, या मुद्द्यावर. म्हणजे लिहिलेलं खरं होतं का, याच्यात न्यायालयंही फारशी शिरली नाहीत. नाना एकटे नाहीत, एवढंच मला म्हणायचंय.

आणि त्यांचा प्रश्न अगदीच बाष्कळ आहे असंही नाही. कुणाचा तरी स्वार्थ असल्याशिवाय कागद पेपरच्या कचेरीत चालत जात नाहीत. पण म्हणून जळकी नोट कोरी होते का? मी एकदा धीर करून विचारलं, "नाना, तुम्ही इन्स्पेक्शनला होतात. पत्र्याला क्रॅक दिसला, तर रिपोर्ट कुणी लिहिला, त्याचं प्रमोशन अडकलंय का, आजच का लिहिला, हे बघायचात?"

"वेडा आहेस का? तिथं विमान पडतं!"

न्यायाधीश कसा असावा, हे नानांना पक्कं ठाऊक आहे : रानड्यांसारखा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ मध्ये निफाडला जन्मले, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. तेव्हा त्यांच्या सचोटीतला थोडा वाटा नाना गावाकडंही ओढतात. बाकी कोर्टाबद्दलचं त्यांचं मत तारखेगणिक बदलतं. द्राक्षबागेच्या बांधावरून चुलतभावाशी त्यांचा जुना दावा आहे. पुढची तारीख पडली की कोर्ट विकलं गेलेलं असतं. मनाईहुकूम मिळाला तेव्हा मात्र नानांनी न्यायदेवतेच्या नावानं पेढे वाटले होते. तो अर्ज नेमका त्याच आठवड्यात कसा निघाला, हे त्या दिवशी त्यांनी कुणाला विचारलं नाही.

यंदा मे महिन्याच्या सर्वसाधारण बदल्यांत नानांच्या दाव्यातले न्यायाधीश दुसऱ्या जिल्ह्यात गेले. दरवर्षीच कुणी ना कुणी जातं. पण चुलतभाऊ गावभर सांगत सुटला, "निकाल माझ्या बाजूनं लागणार होता. नानानं वरून फोन फिरवला. टायमिंग बघा!"

ही बातमी टपरीवर पोचली तेव्हा नाना तिथंच होते. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. ज्या माणसाला बँकेच्या रांगेतही कुणी पुढं सोडत नाही, त्याचा फोन थेट वरपर्यंत!

नानांनी चष्मा पुसला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नुसते गालात हसले आणि टपरीवाल्याला म्हणाले, "सगळ्यांचा चहा माझ्या खात्यावर लिही रे."