पाहुण्यांनी हात हलवत यावं

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक, आणि या दोहोंच्या मधे ज्याच्या गावात मंडई त्याच्या घरी सगळ्या सोयऱ्यांचं जेवण. जेवणाला माझी हरकत नाही. कोंबडा शिजतो, वडे तळले जातात, भाताला तर या जिल्ह्यात तोटाच नाही. हरकत आहे ती पाहुण्याच्या पिशवीला.

चपला काढायच्या आधी ती पुढे येते. "काही नाही जी, घरचंच आहे." घरचं म्हणजे चिवडा. दिवाळी सरलेली असते. पोरांनी शेंगदाणे अन् खोबरं वेचून नेल्यावर डब्याच्या तळाशी जे उरतं, ते मंडईला निघतं. आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही हा आपला रिवाज. घरचा चिवडा तोवर संपलेला, मग सकाळच्या पाहुण्याचा चिवडा संध्याकाळच्या पाहुण्याच्या डब्यात. लाखनीचा साकोलीला जातो, साकोलीचा पवनीला. 1999 साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण चिवड्याला ती हद्द अजून कोणी दाखवलेली नाही. आमच्या घरी चिवड्यात लसूण सालीसकट घालतात. दुसरं कोणी घालत असल्याचं ऐकिवात नाही. मागच्या मंडईला तुमसरच्या पाहुण्यांनी आणलेल्या चिवड्यात तो निघाला. छान झालाय, म्हणालो.

लाखोरीच्या डाळीची पिशवी आली तर मी समजून घेतो. खाऊन पाय लुळे पडतात म्हणून 1961 पासून कितीतरी वर्षं तिच्या विक्रीवर बंदी होती. पाहुणे काही विकत नव्हते, नुसते देत होते. त्यामुळे कायद्याचाही इलाज नव्हता.

खरा वैताग शिंगाड्यांचा. इवाई पोतडी घेऊन येतात, थेट तलावातून काढलेली, ओली, खाली पाणी गळत असलेली. "ताजे आहेत जी, उकडायला कितीक वेळ लागते?" घरात मोठा गंज एकच, आणि त्यात रस्सा. तो रस्सा दोन लहान गंजांत काढायचा, मोठा घासायचा, शिंगाडे चढवायचे. ते काळे पडून उकडले की सगळी मंडळी अंगणात बसून सोलतात, काटा टोचला की यजमानाकडे बघतात, आणि पानं वाढल्यावर सांगतात, "पोट भरल्यावानी झालं."

मोठी बाई तर शिजवलेलंच आणते. पाटवडीचा रस्सा, स्वतःच्या हातचा, कारण "तुमच्याकडं तिखट कमी पडते." डबा भंडाऱ्याच्या पितळेचा, झाकणावर नाव कोरलेलं, म्हणजे रस्सा कोणाचा याबद्दल पंगतीत शंका राहू नये. पंगत तोच मागते. बायको आपला रस्सा फ्रीजमध्ये ठेवते आणि पुढचे तीन दिवस मला वाढते, काही न बोलता.

नागपूरकर संत्रा बर्फी आणतात. तिच्याबद्दल तक्रार करावी अशी फार इच्छा आहे, पण ती त्यांचीच पोरं नाटकाला निघायच्या आत संपवतात.

यंदा मी सगळ्यांना आधीच फोन करून बजावलं, काही आणायचं नाही, आणाल तर शपथ आहे. कोणी ऐकलं नाही. ऐकलं एकट्या भाटव्यांनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं. आले, जेवले, रस्सा दोनदा मागून घेतला, वड्यांचं कौतुक केलं. माणूस असावा तर असा, असं मी मनात म्हणतो आहे तोवर आई स्वयंपाकघरातून, अंगणापर्यंत जाईल अशा बेतानं बोलली, "पोरीच्या माहेरी हात हलवत आले." रात्री नाटकात नायिकेला घराबाहेर काढलं तेव्हाही ती हेच म्हणत होती, शेजारच्या बायांना वाटलं, नाटकाबद्दल.

सकाळी भाटवे निघाले. त्यांच्याकडे डबा नव्हता, म्हणून आईनं आमच्या डब्यात चिवडा भरून दिला. डबा पितळी आहे, नाव आमचं आहे, आणि तो परत मागायचा म्हणजे भाटव्यांना पुन्हा जेवायला बोलवावं लागणार.