शंभराला दोन

समजा, जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सळईतला तडा शोधायला कॅमेरा आला, त्यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता आली. आजवर हे काम नजरेने करणारा माणूस शहरातल्या मस्तगडातून पाळीला जायचा. आता त्याची गरज उरली नाही. यंत्राची किंमत वसूल झाली की त्याच्या पगाराचे वाचलेले दर शंभर रुपये नफ्यात जातात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्चायचे. म्हणजे मस्तगडातल्या घरातून शंभर गेले आणि समाजाच्या नावावर फार तर दोन आले.

नियमातली पुढची गोष्ट जास्त बोचते. स्वतःच्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. ते बरोबरच आहे, तो मालकाचा धर्म. पण त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये रोजगारासाठीचं कौशल्य प्रशिक्षण बसतं. त्यामुळे कामावर असताना ज्याला काही शिकवलं नाही, त्यालाच काढल्यावर शिकवून अहवालात फोटो छापता येतो. ही वाट बंद व्हायला हवी.

यंत्राला विरोध नाही. भंगारात ओलं लोखंड किंवा तोंड बंद असलेलं नळकांडं नजरेतून सुटून भट्टीत गेलं, की पाण्याची क्षणात वाफ होते, वितळलेला रस उसळतो आणि जवळचा माणूस भाजतो. भट्टीवरचे स्फोट जालन्याने पाहिले आहेत. कॅमेरा आधी त्या भंगारावर बसवा. मात्र तो खर्च समाजसेवेत दाखवू नका. कामगाराचा जीव सांभाळणं कारखाने कायदा १९४८ पासून तुमच्यावर बंधनकारक आहे.

इथल्या उद्योजकांना देणं माहीत आहे. घाणेवाडी तलावाचा गाळ काढायला ते पुढे आले होते. म्हणून मागणं त्यांच्यापाशीच. यंत्राची ऑर्डर देण्याआधी किती माणसांचं काम जाणार, याची यादी करा. पगार चालू ठेवून त्यांना त्याच यंत्राची देखभाल शिकवा. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरा. दोन टक्के त्याहून वेगळे. आणि यादीत ठेकेदाराची माणसंही घ्या. पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते, आणि त्यांना काढायला साधं पत्रही लागत नाही.