कसाऱ्यात येतो, घोटीत नाही

इंजिनातला नवा आवाज सर्वांत आधी ऐकतो ड्रायव्हर, आणि सर्वांत शेवटी विश्वास बसतो तोही ड्रायव्हरवरच. शेठच्या मते आवाज त्याच्या डोक्यात असतो. मिस्त्रीच्या मते तो आधीच्या मिस्त्रीने केलेल्या कामात असतो. क्लीनरला कोणी विचारत नाही.

नाशिकहून वाशीच्या बाजारात कांदा नेणारी ही जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची गाडी. कसारा घाट उतरताना तिच्या इंजिनातून टक-टक-टक असा आवाज यायचा, शहापूरच्या सपाटीला लागली की गायब. माघारी येताना घोटीच्या गॅरेजात उभी केली, की शाळा तपासायला साहेब आल्यासारखं इंजिन शहाण्यासारखं चालायचं. ड्रायव्हर मग तोंडाने आवाज काढून दाखवी. मान हलवत, एका हाताने स्टिअरिंग धरल्याचा आव आणत तो इतकं हुबेहूब वाजवी, की बाजूच्या टपरीवरचे लोक चहा घेऊन बघायला येत.

पहिला इलाज अर्थातच फुकटातला: हलणारं सगळं बांधायचं. फाळक्याची साखळी, सीटखालचा जॅक, पान्यांची पेटी, आरशाखालचे गोंडे आणि घुंगरू. यात हसण्यासारखं काही नाही. इंजिनावर आळ आलेले कितीतरी आवाज शेवटी सैल जॅकचे निघतात. इथे जॅक निर्दोष सुटला.

मग टॅपेट. मिस्त्रीने पेचकसाचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने 1816 मध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. मिस्त्रीला सुरळीचाही खर्च नाही. पेचकसाची खोड एकच, की इंजिनाचं सगळं धूड एकमेकांना बोल्टांनी जखडलेलं असतं, त्यामुळे एका टोकाची ठोक दुसऱ्या टोकालाही ऐकू येते. शिवाय कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. क्रँक सेकंदाला 10 फेरे घेत असेल, तर एका वॉल्व्हचं टॅपेट 5 वेळाच वाजणार. ड्रायव्हर तोंडाने वाजवून दाखवायचा तो ठेका याहून बराच जलद होता. पण तोंडाचा ठेका पुरावा म्हणून कोण धरतो? फिलर गेज घालून टॅपेट सेट झाले, पैसे दिले गेले, आणि पुढच्या खेपेला कसाऱ्यात पुन्हा टक-टक.

आता फॅनबेल्टची पाळी. बेल्ट काढून इंजिन थोडा वेळ चालवलं की पट्ट्यावर फिरणारा वॉटरपंप आणि डायनॅमो दोन्ही थांबतात. चाचणी उत्तम, पण वाजायचं नसेल त्या दिवशी बेल्ट काढून काय कळणार? म्हणून नोझल. एकेका नोझल पाइपचा नट सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. ठोक तेवढ्यापुरती मंदावली, तर आरोपी त्याच सिलिंडरात. (नव्या कॉमनरेल गाड्यांना हा प्रयोग चुकूनही करू नये. तिथे पाइपात हजार बारच्याही वर दाब असतो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.) सगळी नोझलं तपासून झाली, फरक शून्य. तेव्हा मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि तो शब्द उच्चारला: “क्रँक.”

शेठचा चेहरा उतरला. चेंबर खोललं, बिगएंडच्या बेरिंगा काढल्या, उन्हात फिरवून फिरवून पाहिल्या. सगळ्या चांगल्या. चांगल्या बेरिंगा पाहून एखादा माणूस इतका दुःखी होतो, हे दृश्य गॅरेजातच दिसतं.

चेंबर परत बसवत असताना गाडीखालून क्लीनर म्हणाला, “मामा, तो आवाज फुस्स झालं की थांबतो.”

“कसलं फुस्स?”

“हवेचं. ब्रेकच्या टाकीचं.”

मिस्त्री काही न बोलता केबिनमध्ये चढला. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत सातआठ बारपर्यंत हवा भरतो. टाकी भरली की फुस्सकन वॉल्व्ह उघडतो आणि कॉम्प्रेसर नुसताच, विनाभार फिरत राहतो. ब्रेक दाबत गेलं की हवा उतरते आणि तो पुन्हा कामाला लागतो. घाटात तेच होत होतं. गॅरेजात मात्र टाकी भरलेली आणि ब्रेकवर कोणाचाच पाय नाही. मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून पाय दणादण मारला. गेजचा काटा खाली आला, कॉम्प्रेसरने भार घेतला आणि घोटीत प्रथमच टक-टक-टक ऐकू आलं. काटा हळूहळू वर चढला. फुस्स. शांतता.

हा कॉम्प्रेसर गिअरवर फिरत असल्यामुळे फॅनबेल्टच्या चाचणीत तो सापडलाही नसता. खोलल्यावर त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेरिंग निघाली ती वरचा थर झिजून तांबूस पडलेली. मिस्त्रीने ती शेठच्या तळहातावर ठेवली.

शेठने ती उलटसुलट केली, खर्चाचा अंदाज घेतला आणि ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, “म्हणजे ब्रेक मारला की वाजतं. मग जरा कमी मारत जा की.”

“कसाऱ्यात, शेठ?”