ताई कुठे आहेत?

जबलपूरच्या विजय नगरात चौकाचौकात फलक लागतात. होळी, नर्मदा जयंती, साहेबांचा वाढदिवस, निमित्त काहीही चालतं. वॉर्ड महिलांसाठी राखीव असला की फलकावर दोन चेहरे दिसतात. एक मधोमध, गॉगल लावलेला. दुसरा कोपऱ्यात, हात जोडलेला, डोक्यावर पदर. यातलं निवडून कोण आलंय?

कोपऱ्यातली.

महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना 2011 मध्ये दिल्या. मध्य प्रदेशाने त्याच्याही आधी दिल्या होत्या. म्हणजे कायद्यात कुठे खोट नाही. खोट शपथविधीपासूनच सुरू होते.

ऑगस्ट 2022 ची गोष्ट. जबलपूरला लागून असलेल्या दमोह जिल्ह्यातलं गैसाबाद आणि सागर जिल्ह्यातलं जैसीनगर. पंचायतीवर बायका निवडून आल्या आणि शपथ घेतली त्यांच्या घरच्या पुरुषांनी. सरकारी माणसासमोर, रीतसर. बोभाटा झाला तेव्हा चौकशीची धावपळ उडाली. पुढे मार्च 2025 मध्ये छत्तीसगडच्या परसवारा गावात तोच प्रकार. सहा बायका निवडून आल्या, सहा नवऱ्यांनी शपथ घेतली.

ज्याला कुणी मतच दिलं नाही, तो कसली शपथ घेतो?

‘पंचायत’ मालिकेतल्या निवडून आलेल्या मंजूदेवी आणि त्यांच्या नावाने कारभार करणारे प्रधानपती बघून आपण पोट धरून हसलो. जैसीनगरच्या बाईला हसू आलं असेल का?

आता जरा आफ्रिकेकडे बघू. आफ्रिका म्हटलं की आपल्याला दुष्काळ आणि यादवी एवढंच आठवतं. रवांडात 1994 मध्ये नरसंहार झाला, लाखो माणसं मारली गेली. त्याच देशाने 2003 च्या राज्यघटनेत निर्णयाच्या प्रत्येक ठिकाणी किमान 30 टक्के बायका असतील, असं लिहून ठेवलं. 2008 मध्ये बायकांचं बहुमत असलेली जगातली पहिली संसद तिथे बसली. 2024 मध्ये त्यांच्या खालच्या सभागृहात 80 पैकी 51 बायका निवडून आल्या. त्याच वर्षी आपल्या लोकसभेत 543 पैकी 74.

पण थांबा. रवांडात 2000 पासून राष्ट्राध्यक्ष एकच, पॉल कागामे. त्यांच्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्याची तिथे खैर नसते. बाकं भरली म्हणून जाब विचारायची मुभा मिळतेच असं नाही. म्हणून मला रवांडापेक्षा लायबेरिया जास्त शिकवतो.

2003. लायबेरियात चौदा वर्षांत दोन यादवी युद्धं झालेली. लेमा बोवी नावाची समाजकार्यकर्ती ख्रिस्ती आणि मुसलमान बायकांना एकत्र आणते. पांढरे कपडे घालून त्या राजधानी मन्रोवियात मासळीबाजारालगतच्या मैदानावर बसतात. ऊन असो की पाऊस, रोज. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या गाड्यांचा ताफा तिथूनच जायचा, त्यांना दिसलंच पाहिजे म्हणून ती जागा. पुढे घानात अक्रा इथे शांततेची बोलणी रेंगाळली, तेव्हा या बायकांनी सभागृहाची दारंच अडवली. तोडगा काढल्याशिवाय कुणाला बाहेर सोडणार नाही! ऑगस्टमध्ये करार झाला.

आणि त्या घरी जाऊन बसल्या नाहीत. 2005 ची निवडणूक आली, तेव्हा मतदार यादीत बायकांची नावं घालायला त्या बाजारात फिरल्या. विक्रेती म्हणाली, दुकान टाकून कशी येऊ? तर यांच्यातल्या एकीने तिचं दुकान सांभाळलं, तिचं पोर कडेवर घेतलं आणि तिला नाव नोंदवायला पाठवलं. त्या निवडणुकीत एलन जॉन्सन सरलीफ जिंकल्या. आफ्रिकेतल्या निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. 2011 चं शांततेचं नोबेल येमेनच्या तवक्कुल करमान यांच्याबरोबर या दोघींनाही मिळालं.

गोष्ट इथे संपली असती तर भाषणापुरती बरी होती. 2012 मध्ये बोवींनी त्याच सरलीफबाईंना भर चारचौघांत सुनावलं. मुलांना मोठ्या पदांवर का बसवता? देशातली गरिबी का हटत नाही? एवढं बोलून त्यांनी सलोखा आयोगाचं पदही सोडलं. खुर्चीतल्या बाईला निवडून आणणारीही बाईच आणि धारेवर धरणारीही बाईच.

आपल्याकडे राखीव जागा आली, पण तिच्यामागे उभी राहणारी अशी फळी कुठे आहे? खुर्चीमागे बायकांची संघटना नसली की तिथे नवरा उभा राहतो. तो वाईटच असतो असं नाही. जागा रिकामी असते, एवढंच.

फळी उभी करता येते, हे महाराष्ट्रातल्या म्हसवडने दाखवलंय. माणदेशातल्या बायकांनी समाजकार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अंगठेवाल्या बायका कसली बँक चालवणार म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला. तेच तुमच्या माणसांनाही घाला, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय सोडवतो. 1997 मध्ये बँक सुरू झाली. तिथे आता कुणाचा नवरा सही करायला जाईल?

जबलपूरच्या मराठी माणसांनाही दोन शब्द. 2015 ते 2020 स्वाती गोडबोले शहराच्या महापौर होत्या, आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण आपल्याच मंडळांत काय चाललंय? हळदीकुंकू बायकांकडे, हिशेबाची वही पुरुषांकडे. दर वर्षी. अध्यक्षपद सुचवलं तर ‘वहिनींना घरचं बघून कसं जमेल?’ वहिनींना विचारलंय कुणी?

आरक्षणाच्या फेऱ्यातही बाईला कुणी विचारत नाही. वॉर्ड एका खेपेला राखीव, पुढच्या खेपेला खुला. बाई पाच वर्षांत काम शिकते, अधिकारी ओळखीचे होतात, फाइल कुठे अडते ते कळतं आणि तेवढ्यात वॉर्ड खुला होतो. तिकीट नवऱ्याला. दोन खेपा सलग वॉर्ड राखीव ठेवायला कुणाची हरकत आहे?

ज्यांना ते तिकीट हवंय, त्यांची.

मध्य प्रदेशात पालिकांच्या मागच्या निवडणुका 2022 मध्ये झाल्या, म्हणजे पुढच्या 2027 मध्ये. तोवर विजय नगरातल्या बायकांनी एक करावं. नळाची, नालीची, दिव्याची तक्रार घेऊन नगरसेविकेच्या घरी एकटीने जाऊ नये, दहाजणींनी जावं. दार भाऊसाहेबांनी उघडलं तर अर्ज त्यांच्या हातात देऊ नये. ताई बाहेर येईपर्यंत ओट्यावर बसावं, अर्जावर तारखेसकट त्यांचीच सही घ्यावी आणि पुढच्या महिन्यात तोच कागद घेऊन पुन्हा त्यांनाच विचारायला जावं.