एक आर्टिस्ट कमी आहे

बेलापूर स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं, की नवी मुंबईत कलेला किती मागणी आहे ते कानांनीच कळतं. ‘आर्टिस्ट, आर्टिस्ट! चला, एक आर्टिस्ट कमी आहे!’ दोन आर्टिस्ट आधीच आत बसलेले असतात. एकाच्या मांडीवर मेथीची जुडी, दुसरा फोनवर हप्त्याची तारीख पुढं ढकलून मागतोय. तिसरा मिळाला की रिक्षा सुटते.

भोपाळहून आलेले आमचे व्याही नानासाहेब हे ऐकून थबकलेच.

“वा! इतके चित्रकार राहतात तुमच्याकडे?”

“चित्रकार नव्हे, आर्टिस्ट व्हिलेज. सेक्टर आठ.”

“असेल. मग मॉडर्न पेंटिंगचं संग्रहालय कुठं आहे इथं? पुढची प्रदर्शनं कोणती लागतायत, जरा बघून ठेवा. आमच्याकडे भारत भवन आहे ना, तळ्याकाठी. 1982 चं. चार्ल्स कोरियांनी बांधलंय.”

मुलीचा बाप म्हणून माझा आवाज आधीच एक पट्टी खाली असतो. तरी बोललो. म्हटलं, कोरिया मुळात आमचे! हे शहर जन्मलं तेच कलेच्या मासिकात. 1965 साली मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’मध्ये कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. 1970 मध्ये ते वसवायला सिडको आली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले.

“आणि त्यांनी इथं काय बांधलं?”

इथं माझी गाडी अडली. कोरियांनी भोपाळला भारत भवन दिलं, जयपूरला जवाहर कला केंद्र, पणजीला कला अकादमी. आम्हाला आर्टिस्ट व्हिलेज दिलं. सात-सात घरांच्या मधे एक चौक, आणि एका घराची भिंत दुसऱ्याला लागलेली नाही; म्हणजे पैसा येईल तसं ज्यानं त्यानं आपलं घर वाढवावं. त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानातलं हे शेवटचं वाक्य तेवढं रहिवाशांनी तोंडपाठ केलं. आता तिथं मूळ कौलारू घर शोधायला निघालेले वास्तुकलेचे विद्यार्थी तीनमजली बंगल्यांमधून पत्ता विचारत फिरतात.

खरी चित्रं बघायची तर काळा घोडा गाठायला हवा. तिथं 1952 पासून जहांगीर कलादालन आहे आणि 1996 पासून कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. पण हार्बरनं तासाभराच्या वर प्रवास, त्यात नानासाहेबांचा गुडघा. तेव्हा मी जाहीर करून टाकलं, की आमचं संग्रहालय शहरभर पसरलेलं आहे, तिकीट नाही, सोमवारीही उघडं.

पहिलं दालन उड्डाणपुलाखाली. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की इथं खांबाखांबावर फ्लेमिंगो उतरतात. पिकासोचा गुलाबी कालखंड 1904 ते 1906, दोन-अडीच वर्षांत आटोपला. आमचा आटोपायचं नाव घेत नाही. 2024 मध्ये नेरूळ जेट्टीजवळच्या मोठ्या फलकावर आपटून काही खरे फ्लेमिंगो मेले. रंगवलेले सुखरूप आहेत. नानासाहेब एका खांबापाशी वाकले. फ्लेमिंगोच्या गुडघ्यापर्यंत महापालिकेचं काम होतं आणि त्याखाली नागरिकांनी पान खाऊन केलेलं. लाल रंग तिथं फार मोकळेपणानं वापरला होता.

दुसरं दालन वाशीच्या प्रदर्शन केंद्रात. तिथं घरांचं प्रदर्शन लागलं होतं, आणि आधुनिक चित्रकला जर कुठं बहरली असेल तर ती इथं. भिंतभर चित्र: निळंशार आकाश, पोहण्याचा तलाव, तलावाकाठी सोनेरी केसांची बाई. ही बाई नवी मुंबईत कोणी पाहिलेली नाही. बहुतेक ताबा मिळाल्यावर येत असावी. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘चित्र काल्पनिक आहे’. नानासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं आणि विचारलं, “मग लोक घेतात कशाला?”

कशाला म्हणजे? चित्रासाठी वीस वर्षांचं कर्ज काढणारा रसिक पॅरिसमध्ये तरी सापडेल का? फ्रान्सचे इंप्रेशनिस्ट उपाशी राहिले. आमच्याकडे ‘आर्टिस्ट्स इंप्रेशन’वर आख्खे नोड उभे राहिले!

तिसरं दालन घरचंच. आमच्या बी विंगच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे ओल आली आहे. तीन पावसाळे मुरलेली. मधोमध पिवळट धुकं, कडेला करडी किनार, वरच्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा सुटून खालचा जुना मोरपिशी दिसतो. नानासाहेब कठड्याला धरून उभेच राहिले. “गायतोंडे!” ते हळूच म्हणाले.

वासुदेव गायतोंडे. नागपूरला जन्मलेले, जेजेत शिकलेले. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करणारे, आणि रंग रोलरनं लावणारे. त्यांचं 1970 चं एक चित्र सप्टेंबर 2025 मध्ये लिलावात 67 कोटींवर गेलं. रोलर आमचा रंगारीही वापरतो. पण तो चौरस फुटाला भाव सांगतो आणि अर्धे पैसे आधी मागतो.

तेवढ्यात सेक्रेटरी वर आले. दोन म्हातारे भिंतीकडे टक लावून उभे असलेले पाहून बिचारे वरमले.

“काका, तक्रार नका लिहू. सोमवारी माणूस येतोय, पुट्टी मारून घेतो.”

“म्हणजे प्रदर्शन रविवारपर्यंतच,” नानासाहेब म्हणाले. त्यांनी दोन पावलं मागं सरून, गुडघा सांभाळत, भिंतीचा फोटो काढला आणि भोपाळला पाठवला.

जिना उतरेपर्यंत माझा फोन वाजला. विहीणबाई होत्या.

“अहो, हे काय? गळतं का घर तुमचं? आम्हाला तर मुलगी दाखवताना समुद्र दिसतो म्हणाला होतात!”